खांद्याचं माप

उतारावरच्या तिसऱ्या चौकोनात मी पोचले तेव्हा एकशे अठरा नंबरच्या झाडाला तांबडी फुली मारून झाली होती आणि रंगवाला डबा घेऊन एकशे एकोणीसकडे वळत होता.

"अरे ए, थांब! कुणी सांगितलं तुला इथे हात लावायला?"

"ऑफिसने, आजी. शुक्रवारी बैठक आहे, मंजुरी येतेच आहे. फुल्या आधी मारून ठेव म्हणाले."

"ऑफिसचे डोळे फुटले का? या उताराची तोड होऊन वीस वर्षं झाली. तीस झाल्याशिवाय इथे करवत लागत नाही."

"आता वीसच केली ना." त्याने कुंचला डब्याच्या काठावर निथळत ठेवला. "झाडं भराभर वाढतात म्हणे. तुमच्याच आकड्यांवरनं ठरलंय सगळं. तुमचा तर सत्कार करायला पाहिजे!"

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला गुदगुल्याच झाल्या. माझ्या आकड्यांवरून ऑफिस हलतं, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? मी पदर खोचला, ताठ उभी राहिले आणि एकशे अठराकडे बघितलं. मग मात्र काहीतरी खुपलं. मागच्या तोडीतून सुटलेल्या त्या झाडाला मी एकोणतीस वर्षं मिठी मारत आले आहे. ते भराभर वाढणाऱ्यांतलं नव्हे. कुढं झाड आहे ते. तीन वर्षांत बोटाच्या पेरापुरतं सुटलं तरी मेहरबानी.

माझं काम एवढंच. जंगलात शंभर पावलं बाय शंभर पावलांचे बारा चौकोन आखलेले आहेत. चौकोनातल्या प्रत्येक झाडाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकलेला आहे. दर तीन वर्षांनी सगळ्यांना टेप गुंडाळायचा, घेर वहीत लिहायचा. मागच्या फेरीला किती होता, आता किती झाला, यावरून जंगल किती वाढतं ते कळतं, आणि जेवढं वाढतं तेवढंच तोडायचं असा नियम आहे. हा नियम आहे म्हणून उताराखालच्या वस्तीचा झरा अजून वाहतो. पलीकडची टेकडी कुणी न मोजता तोडली, तिथे आता पाण्याचा टँकर जातो.

मी दोन इयत्ता शिकले. अक्षरं अजून अडतात, पण आकड्यांनी मला कधी दगा दिला नाही. नवरा आरागिरणीत गेला. करवतीचा पट्टा तुटला आणि तो समोर होता. पदरात दोन पोरं होती. तेव्हाचे जुने साहेब मोजणीला माणसं शोधत होते. पुरुष आले, टेप दोनदा गुंडाळून तिसऱ्यांदा अंदाजाने लिहायला लागले. मी अंदाजाने लिहिलं नाही. एवढ्यावर माझं पोट चाललं आणि एवढ्यावरच माझी मान ताठ राहिली.

घेर कुठेही घेऊन चालत नाही. बुंधा खाली रुंद, वर निमुळता. म्हणून सगळ्या जगात एकच उंची ठरलेली आहे, जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटर. पहिल्या फेरीला आम्हाला त्या उंचीची काठी दिली होती आणि झाडावर पिवळा पट्टा ओढायला रंग दिला होता. काठी वेलींत अडकायची. पट्टे पावसाने नि शेवाळाने खाल्ले, आणि पुन्हा रंग काही आला नाही. दुसऱ्या फेरीच्या आधी जुन्या साहेबांनी मला काठीशेजारी उभं केलं. काठीचं टोक बरोबर माझ्या खांद्याच्या हाडावर आलं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. "बाई, देवाने तुमच्या अंगातच काठी बसवून पाठवली आहे," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून मी काठी टाकली. झाडाला पाठ लावायची, खांदा जिथे येईल तिथे खडूची खूण करायची आणि वळून टेप गुंडाळायचा. दहा फेऱ्या झाल्या. तपासणीवाले दहातलं एक झाड पुन्हा मोजतात, त्यांनाही वर्षानुवर्षं चूक सापडली नाही. ऑफिसात माझ्या नावाची पाटी लागली. ती नाक्यावरून दिसत नाही हे खरं, पण मी सगळ्यांना आत नेऊन दाखवते.

थोरली लेक त्या चौकोनांतच वाढली. शाळा सुटली की जंगलात यायची. मी आकडा ओरडायची, ती वहीत लिहायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पुढे ती शिकली, खूप शिकली, आणि आमच्याच वन ऑफिसात आकडेवारीच्या खोलीत लागली. मी घेर आणायचा, ती संगणकात चढवायची, तक्ते काढायची. धाकटा गिरणीच्या वाटेला गेला नाही, ट्रक चालवतो, त्याचं नि सुनेचं बरं चाललंय. पण माझा अभिमान थोरली. सून एकदा म्हणाली, "आई, तुम्ही ताईंचं नाव घेता तेव्हा तोंडात खडीसाखर असल्यासारखं वाटतं." मी म्हणाले, "मग तूही काहीतरी कर, तुझ्या नावालाही चघळीन." वाईट नाही ती, पण तिला टोचून बोलायला मला मजा येते.

दोन वर्षांपूर्वी दहावी फेरी संपली तेव्हा थोरली एका रविवारी घरी आली. हातात शिंप्याकडचा टेप. "आई, दाराला टेकून उभी राहा. तुला चांगला रेनकोट शिवून घेते, बाजारातले तुला पायघोळ होतात." मी उभी राहिले. तिने डोक्यापासून मापं घेतली, छाती, हात, आणि खांद्यापासून थेट जमिनीपर्यंत. चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली, पुन्हा मोजलं. लहानपणी मी तिची उंची अशीच घ्यायची.  मी दुसरीकडे बघून म्हणाले, "पुरे गं, रेनकोट शिवतेस की कफन?" ती हसली नाही. रेनकोट आला पंधरा दिवसांत. अगदी मापात बसला. मी तो घालून अर्धी गल्ली फिरले.

तर फुल्या बघून मी खाली उतरत होते तेव्हा वाटेत तपासणीबाई भेटल्या. मुख्य ऑफिसातून येतात, चाळिशीच्या असतील. बोलायला कमी, कामाला कडक, म्हणून मला आवडतात. त्या चौकोनांत नवे खिळे ठोकायला आल्या होत्या. पुढच्या फेरीपासून प्रत्येक झाडावर एकशे तीसला पक्की खूण राहणार होती.

"खिळे कशाला वाया घालवता, बाई?" मी म्हणाले. "हे बघा." आणि पाठ लावली झाडाला, खांद्यापाशी बोट ठेवलं.

त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग आपल्या काठीकडे. मग माझ्या तोंडाकडे.

"आजी, तुम्ही अजून खांद्यानेच मोजता?"

"सव्वीस वर्षं."

"पण मी पत्र लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, दहाव्या फेरीनंतर. तुमचे घेर सगळे थोडे थोडे जास्त येत होते, एकाच बाजूला. मला तेव्हाच शंका आली." त्यांनी काठी माझ्या शेजारी धरली. काठीचं टोक माझ्या कानाच्या पाळीपर्यंत आलं नाही, पण खांद्याच्या चांगलंच वर होतं. चार बोटं. मी हात लावून मोजली.

"काठी चुकली तुमची."

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "काठी लाकडाची आहे. ती म्हातारी होत नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरं म्हणजे जमीन होती तिथेच होती, मीच तिच्याकडे सरकले होते. पाठीचा कणा दबतो, माणूस वाकतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या सासूला मी वाकताना बघितलंय. पण ते सासूचं. आपलं असं होतं हे कुणाच्या मनात येतं? वर्षाला केसभर. खांदा खाली गेला, टेप खाली गेला. खाली बुंधा जाड, म्हणून घेर जास्त. झाड वाढलं नाही, मी खचले. आणि वहीत लिहिलं गेलं की झाड वाढलं.

"किती फरक पडला?" मी विचारलं. 

"शेवटच्या तीन फेऱ्यांत खरी वाढ तीन सेंटिमीटर असेल तर तुमच्या वहीत साडेचार. दीडपट." त्या थांबल्या. "म्हणूनच तिसाचे वीस झाले."

"आणि पत्र कुणाला लिहिलं म्हणालात?"

"आकडेवारीच्या खोलीला. तुमच्या मुलीच्या नावाने. तिचा फोनही आला होता मला. म्हणाली, 'मी स्वतः खात्री करून घेते.'"

मी खाली बसले. ओली जमीन, जळवा, कशाचं भान राहिलं नाही. स्वतः खात्री करून घेते. दाराची चौकट, पेन्सिलीची रेघ, खांद्यापासून थेट जमिनीपर्यंत. रेनकोटाला खांद्यापासून जमिनीपर्यंत माप लागतं का हो कधी? गुडघ्याखाली दोन वीत सोडून शिवतात तो. शिंप्याची पोर मी नाही, पण टेपवाली तर आहे! आणि मला कळलं नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता त्या दिवशी.

केसाने गळा कापतात म्हणतात ना, तसा. रक्त दोन वर्षांनी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीला बोलावून घेतलं. सून भांडी घासत होती, तिला सांगितलं, "जरा दुकानात जाऊन ये."

"काय आणू?"

"काहीही आण, पण सावकाश आण."

सून गेली. मी थोरलीला म्हणाले, "चौकटीवरची रेघ कुठे गेली?"

तिने चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. "पुसली मी. तेव्हाच."

"किती होतं?"

"आई, तुला कुणी काय सांगितलं?"

"मी आकडा विचारला."

ती खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर धरून, पाहुणीसारखी. मग बोलायला लागली ती भरभर, पाठ केल्यासारखी. "तुझंच वाईट झालं असतं. शेवटच्या तीन फेऱ्या रद्द. कदाचित सगळ्याच, कारण कुठल्या वर्षी तू किती उंच होतीस ते कुणी लिहून ठेवलंय? सत्तावीस वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या असत्या. तुझी पाटी काढली असती. तुला सहन झालं असतं? तू साधं मीठ कमी पडलंय म्हटलेलं सहन करत नाहीस! मी तुला वाचवलं."

"मला वाचवलंस. आणि खोलीची मुख्य कधी झालीस?"

तिने पर्सचा पट्टा नीट केला.

"पत्राच्या आधी की नंतर?"

"तू प्रत्येक गोष्टीत..."

"आधी की नंतर?"

"नंतर." तिचे डोळे भरले. "साहेबांना वाढीचे आकडे हवे होते. गिरण्या मागे लागल्या होत्या. ते म्हणाले, तुझ्या आईचं काम चोख आहे, शंका काढू नकोस. मी शंका काढली नाही. एवढंच केलं मी, आई. मी एकही आकडा बदलला नाही."

"बदलला असतास तर बरं झालं असतं. तो खोटा आकडा तुझा झाला असता. आता तो माझा आहे. माझ्या हाताने, माझ्या वहीत. दोन वर्षं तू मला खोटारडी करून गावभर फिरवलीस, आणि वर रेनकोट घातलास अंगावर!"

"मग काय करणार आहेस? बैठकीत उभी राहून सांगणार, की मी चुकले? तू?" ती जरा हसली. हसली, हे मी विसरणार नाही. मला ओळखत होती ना ती. जिने जन्मात कधी 'चुकले' म्हटलं नाही, तिच्या भरवशावर बसली होती. "शुक्रवारी येऊ नकोस. घरी आराम कर."

ती गेली. सून साबणाची वडी घेऊन आली, माझ्याकडे बघून काही बोलली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला शहाणी वाटली.

मधले दोन दिवस मी काय विचार केला ते सांगते, लपवत नाही. गप्प बसावं असा केला. कुणाला कळणार होतं? तपासणीबाईंच्या पत्राची ऑफिसात नोंदच नव्हती, त्यांनी फोन करून खात्री केली होती. पाटी राहिली असती, मान राहिली असती, पोरीची खुर्ची राहिली असती. मी वह्या काढून बसले. दहा वह्या. एकशे अठराची ओळ शोधली, प्रत्येक वहीत बोट ठेवत गेले. सातव्यापर्यंत झाड जसं मला माहीत होतं तसंच, कुढं, चिकट. आठव्यापासून एकदम अंगात आल्यासारखं वाढत होतं. मी ते स्वतः लिहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं कारण माझा आकडा चुकू शकतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. थोरलीने माझा गळा कापला खरा, पण मान मीच वर करून धरली होती.

शुक्रवारी नेसायचं चांगलं लुगडं काढलं आणि गेले.

ऑफिसातल्या मोठ्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे मोठे साहेब, दोन गिरण्यांची माणसं, वस्तीच्या पाणी समितीचे चौघे, मागे कारकून. भिंतीवर पडदा, पडद्यावर माझे आकडे रेघ होऊन वर वर चढत होते. शेजारी थोरली उभी, हातात आकडे दाखवायची काडी. मला दारात बघितलं आणि तिची काडी पडद्यावर होती तिथेच राहिली.

"या, या, आजी!" मोठे साहेब म्हणाले. "मंडळी, या आपल्या टेपवाल्या आजी. आज आपण जे ठरवतोय ते यांच्या कष्टांवर."

टाळ्या वाजल्या. त्या संपेपर्यंत मी उभी राहिले.

"साहेब, ते आकडे उतरवा. शेवटच्या तीन फेऱ्यांचे चुकलेत."

खोलीत कुणीतरी हसलं. पाणी समितीचा म्हातारा मात्र खुर्चीत पुढे सरकला.

"आजी विनम्र आहेत," साहेब म्हणाले.

"विनम्र कुणाला म्हणता? माझ्या सात पिढ्यांत कुणी विनम्र नव्हतं. मी खांद्याने मोजते. खांदा खाली आलाय. त्यामुळे घेर जास्त लागला. झाडं वाढली नाहीत, मी आखडले."

तपासणीबाई मागून उठल्या. "मी दोन वर्षांपूर्वी याबद्दल लेखी कळवलं होतं."

"आमच्याकडे नोंद नाही," साहेब म्हणाले आणि थोरलीकडे वळले. "असं काही पत्र?"

"नाही, सर." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आईचं वय झालंय. हल्ली तिचा कधी कधी गोंधळ होतो."

मी बरंच काही सोसलंय. नवऱ्याला चादरीत गुंडाळून आणलं तेव्हा उभी होते. पण ते वाक्य ऐकून मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. घरात बोलली असती तर तोंड फोडलं असतं. ती बोलली चारचौघांत, मायेचा सूर लावून, माझ्या पोटची, मी आकडा ओरडला की वहीत लिहिणारी. गिरणीच्या माणसाने माझ्याकडे कीव करून बघितलं. कीव! माझी!

"बरं," मी म्हणाले. "माझा गोंधळ होतो. मग साहेब, गोंधळलेल्या बाईचे आकडे भिंतीवर कशाला लावलेत? एक काय ते ठरवा. मी शहाणी असेन तर मी सांगते ते ऐका, आकडे चुकलेत. मी खुळी असेन तर खुळीच्या आकड्यांवर डोंगर तोडू नका."

पाणी समितीचा म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बरोबर बोलली म्हातारी!"

"म्हातारा तू," मी त्याला म्हणाले. "गप्प बस."

साहेबांचा चेहरा उतरला, पण ते मुरलेले. "आजी, आज तुम्ही वाकला असाल, मान्य. पण दहावी फेरी दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा तुमचा खांदा कुठे होता याला पुरावा काय? आज मोजून काही सिद्ध होत नाही."

ते खरंच होतं. तपासणीबाई खाली बसल्या. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि मी एकीकडेच बघत होते.

"पुरावा आहे," मी म्हणाले. "दहावी फेरी झाली त्याच महिन्यात माझं माप घेतलंय. खांद्यापासून जमिनीपर्यंत, दोनदा. घेणारी समोर उभी आहे." मी थोरलीकडे वळले. "सांग गं. किती होतं?"

हे बोलले आणि कळलं, मी तिचं काय केलं ते. आता ती खोटं बोलली तर उतार जाणार, खरं बोलली तर ती जाणार. तिसरी वाट मी तिला ठेवलीच नव्हती. तिनेही मला ठेवली नव्हती.

तिने काडी खाली केली. पंखा फिरत होता, पडद्यावरची रेघ तिच्या गालावर पडली होती. मग मी तो आवाज काढला, जो जंगलात काढायचे, चौकोनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा.

"आकडा!"

"एकशे साडेचोवीस," ती म्हणाली.

लहानपणीसारखी, ताबडतोब. म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

पुढचं सगळं कागदांचं झालं. मंजुरी थांबली. शेवटच्या तीन फेऱ्यांवर आडवी रेघ मारली, आधीच्या सातांवर "तपासून घ्यावे" असा शिक्का बसला. माझ्या सात वह्या, ज्यांत माझ्या माहितीने एक चूक नाही! पाटी कुणी काढली ते मला माहीत नाही, मी बघायला गेले नाही. फुल्यांवर राखाडी रंग फासला. थोरलीच्या साहेबांना वर बदली मिळाली आणि थोरलीला खोलीतून काढून मोजणीवर पाठवलं. बारा चौकोनांतलं एकूण एक झाड पुन्हा मोजायचं, काठी लावून, खिळा ठोकून. तपासणीबाईंनी मला विचारलं, वही धराल का? टेप धरायला नाही, वही धरायला. मी म्हणाले, धरते.

पहिल्या दिवशी थोरली आली तेव्हा मी चौकोनाच्या कोपऱ्यातल्या दगडावर बसले होते.  बैठकीनंतर ती घरी आलीच नव्हती, मीही बोलावलं नव्हतं. सून म्हणायची, "आई, एक फोन करा. लेक आहे." मी म्हणायची, "तिलाही फोन आहे."

तिने झाडाला काठी लावली, खिळा ठोकला, टेप गुंडाळला. हात तिचे अजून तयारीचे होते, इतक्या वर्षांनीही टेप कुठे पीळ घेत नव्हता. तिने आकडा ओरडला. मी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"पुन्हा बघ," मी म्हणाले.

तिने पुन्हा टेप सोडला, पुन्हा गुंडाळला. तोच आकडा.

पानावर ती ओळ रिकामीच होती. ती वाट बघत उभी होती, कपाळावर घाम, हातात टेपचं टोक. चाळिशीला आलेली बाई, पण त्या क्षणी दहा वर्षांची दिसत होती, आणि मला वाटलं, लिहून टाकावा. काय बिघडतं?

मी वही दगडावर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि झाडापर्यंत गेले. तिच्या हातातून टेप घेतला. ती बाजूला झाली. मी खिळ्यावरून टेप गुंडाळला, चष्मा पुसला, बघितलं. आकडा बरोबर होता.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"मी तेच सांगत होते, आई."

मी परत दगडाकडे आले आणि लिहिलं. ती पुढच्या झाडाला काठी लावायला लागली. चौकोनात चारशे झाडं होती, असे बारा चौकोन, आणि मी प्रत्येक वेळी उठणार होते.